उजव्या डोळ्यातला पापुद्रा

१

रघुपती पटवेकऱ्याचा उजवा डोळा बिघडला तो नाचणीपायी, आणि नाचणीचा उंडा तर त्याने आयुष्यात कधी आवडीने गिळला नव्हता. आता ह्याला न्याय म्हणायचं तर म्हणा.

सुगीचे दिवस होते, सन अठ्ठ्याण्णव. देवनहळ्ळीच्या रस्त्यावर शेतकरी नाचणीची कणसं डांबरावर पसरून ठेवतात. वरून बस जाते, लॉरी जाते, मळणी फुकटात होते. रघुपती साडूकडचं जेवण झोडून बसने यशवंतपुराला परतत होता. खिडकीशी बसला होता, आणि बसला होता म्हणजे काय, अर्धा बाहेरच होता. चाकाखालून भुसाचा लोट उठला आणि एक कुसळ नेमकं उजव्या डोळ्यात शिरलं. बसमध्ये चाळीस माणसं, म्हणजे ऐंशी डोळे. कुसळाला हाच आवडला.

घरी आल्यावर त्याने डोळा चोळला. मग बायकोने, श्यामलाने, एरंडेल घातलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून गुलाबपाणी. शहाणपणाची सगळी दारं ठोठावून झाल्यावर बाराव्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. तोवर बुबुळावर पांढरा व्रण पडला होता आणि त्यात बुरशी धरली होती, शिळ्या भाकरीला धरते तशी.

आता पटवेकरी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर डोळ्याची किंमत कळायची नाही. बायकांच्या गळ्यात जे जे लोंबतं, म्हणजे मंगळसूत्र, मोहनमाळ, पोत, ते रेशमाच्या दोऱ्यात गाठवून देणारा तो पटवेकरी. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, ताणून धरायचा, आणि मोहरीएवढे काळे मणी एकेक करून ओवायचे. चिकपेटेतले सराफ सगळं काम रघुपतीच्या घरी पाठवत. त्याचा डावा डोळा लहानपणापासून अधू, नुसता शोभेला. पोट चालायचं ते उजव्यावर.

पाच आठवडे औषधाचे थेंब झाले. व्रण काही भरेना. डॉक्टरीणबाई निवेदिता आपल्यातल्याच, तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे कन्नड मुलखात आलेल्या मराठी घराण्यातल्या. घोडी गेली, तोरा राहिला.

"बुबुळ पातळ पडलंय, अण्णा," त्या म्हणाल्या. "भोक पडलं की डोळा गेला. मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवायचं तर यादी लांब आहे. तोवर एक पापुद्रा शिवते वरून."

"कसला पापुद्रा?"

"पोटात बाळाभोवती पिशवी असते ना, तिचा आतला. सिझेरियनच्या वेळी मिळतो, गोठवून ठेवतो आम्ही. खालून नवी कातडी धरली की दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरघळतो."

"कुणाच्या बाळाचा?"

"ते सांगत नसतात."

"पोरगा की पोरगी, तेवढं तरी?"

"अण्णा, मला डोळा शिवायचाय. पत्रिका नाही जुळवायची."

२

पट्टी सोडली तेव्हा उजव्या डोळ्याला वस्तू अशी काही दिसेना. फक्त तांबूस उजेड. लहानपणी कंदिलावर पंजा धरून बोटांतून बघायचो ना, तसा.

"पापुद्र्यातून असंच दिसणार," बाई म्हणाल्या. "सुटून आला, खाली पाणी साठलं, रक्त दिसलं, तर लगेच या. डोळा चोळायचा नाही. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

शेवटचं श्यामलाकडे बघून.

घरी रघुपतीचा दिवस म्हणजे तासातासाला थेंब आणि मधल्या वेळात पडून राहणं. समोर पाटावर मणी पडलेले, रेशमाच्या लडी खुंटीला. दुपारी यशवंतपुराच्या रेल्वे यार्डात डबे एकमेकांना धडकायचे, तो आवाज घरात येईपर्यंत मऊ होऊन यायचा, कापसात गुंडाळल्यासारखा. रघुपतीला आयुष्यात एवढी झोप कधी मिळाली नव्हती. व्रण झाला म्हणून काय झालं, मजा होती.

चौथ्या दिवशी दुपारी करंट गेला. पंखा थांबला. श्यामलाने ऊन नको म्हणून खिडकी लावून घेतली. खोलीत मिट्ट काळोख झाला. रघुपतीने दोन्ही डोळे मिटले, वर तळहात ठेवला.

डावीकडे काळोख. उजवीकडे तो तांबूस उजेड तसाच.

त्याने तळहात काढला, ठेवला. पापणी दाबली. उजेड काही हलेना. मग थोड्या वेळाने हलला, पण वेगळाच. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सावकाश. पाण्याने भरलेली घागर कमरेवर घेऊन बाई चालते तेव्हा आतलं पाणी हेलकावतं, तसा.

'औषधाचा परिणाम,' रघुपतीने स्वतःला सांगितलं, आणि त्या हेलकाव्यात त्याला गाढ झोप लागली.

३

वरच्या मजल्यावर मुग्धा आणि सुशांत भाड्याने राहायचे, पुण्याचे. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक वेडे होणार म्हणे, ते होऊ नयेत म्हणून सुशांत सकाळी आठला जायचा आणि रात्री जेवायला यायचा. मुग्धाला नुकताच मुलगा झाला होता. तिची आई पुण्यात पाय मोडून पडलेली, म्हणून बाळंतिणीचं डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं श्यामलाने अंगावर घेतलं होतं. पोराचं बारसं आईचा पाय बरा होईपर्यंत खोळंबलं होतं. तोवर त्याचं नाव चिरंजीव.

एके दुपारी रघुपती पडला होता. वर मुग्धाची पावलं वाजली, खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाळाला झोपवत असावी. डोळ्यातला उजेड हेलकावू लागला.

पावलं थांबली. उजेड थांबला.

पटवेकऱ्याच्या जातीला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. मणी मोजायचे तसे त्याने हेलकावे मोजले आणि पावलंही. अकरा तर अकरा. मग वळण. परत अकरा. त्याला वाटलं, पावलं ऐकून आपणच मनाशी हे जुळवत असू. म्हणून त्याने कानांत कापूस घातला, वर उशी दाबली. उजेड हलला, थांबला, पुन्हा हलला, मग भराभर खाली खाली ठेचकाळत आल्यासारखा झाला. रघुपतीने उशी काढली तेव्हा मुग्धा जिना उतरून दारात उभी होती.

"काका, काकू आहेत का? अहो, कानात कापूस का?"

"पुण्याची माणसं फार बोलतात म्हणून."

ती हसली. तिच्या हसण्याबरोबर उजव्या डोळ्यात सगळं थरथरलं, ताटातल्या खिरीसारखं.

त्याने श्यामलाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? वरची बाई चालते ते मला डोळ्यात दिसतं? तिने त्याला डोळ्याच्या नाही, डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं.

४

अकराव्या दिवशी डोळा खुपायला लागला. पाणी थांबेना. आरशात बघितलं तर पापुद्र्याची एक कड सुटून वर आली होती. रविवार होता, बाई दुसऱ्या दिवशी भेटणार होत्या.

"दूध घालू," श्यामला म्हणाली. "बाळंतिणीचं. आमच्या अज्जीनं अख्ख्या गल्लीचे डोळे बरे केले दुधानं."

"तुझ्या अज्जीच्या गल्लीत तीन आंधळे होते."

"ते आमच्याकडं आले नाहीत म्हणून."

"डॉक्टरीणबाईंना विचारू की उद्या."

"विचारलं तर त्या नको म्हणतील," श्यामला म्हणाली, आणि हे इतकं खरं होतं की मग कुणी विचारलंच नाही.

मुग्धाला तर उलट आनंद झाला. "घ्या ना काकू! मला एवढं येतं की वाया जातं. आणि त्यात अँटीबॉडीज असतात, मी वाचलंय." पुणेकरणीने वाचलंय म्हटल्यावर विषयच संपला. चांदीच्या बोंडल्यात थोडं काढून तिने दिलं. श्यामलाने रघुपतीची मान मागे केली आणि बोंडल्याच्या टोकातून तीन थेंब सोडले.

काय सांगू तुम्हाला! जळत्या कपाळावर कुणी गार हात ठेवावा तसं झालं. खुपणं गेलं. पाणी थांबलं. तांबूस उजेड सोनेरी झाला आणि त्यात रघुपती असा तरंगला की पाठीखाली चटई आहे हे त्याला कळेना. आपल्याला हाडं नाहीत, वजन नाही, साठीला टेकलेलं वय नाही. कुठूनतरी एक ठोका ऐकू येत होता, मोठा, सावकाश, भिंतीपलीकडून उखळात कांडल्यासारखा. त्याने स्वतःच्या मनगटाची नाडी चाचपली. ती वेगळी होती. ठोका वेगळा होता.

अर्धवट झोपेत एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली. हा उजेड बाहेरचा नव्हे. आपण पापुद्र्यातून बाहेर बघतच नाही आहोत.

दुसऱ्या दिवशी बाई खूश. "कड बसली की परत! काय केलंत?"

"तुमचेच थेंब," रघुपती म्हणाला.

श्यामलाने वर छताकडे पाहिलं.

५

मग रोज. सकाळी अकराला, दुपारी चारला, संध्याकाळी सहाला. तीन-तीन थेंब.

विसाव्या दिवशी बाईंनी यंत्रापुढे हनुवटी ठेवायला सांगितली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. विरघळायला लागायला हवा होता, म्हणाल्या. हा तर जाड होतोय. "एखादा राहतो असा. पांढरट टिकून बसतो. चार दिवस बघू."

त्या दिवशी मुग्धा अकराच्या ठोक्याला बोंडलं घेऊन स्वतःच खाली आली. खांद्यावरून छातीवर टॉवेल ओढून घेतला होता.

"वेळ झाली ना काका? मला हल्ली घड्याळ लागत नाही. तुमची वेळ झाली की आपोआप पाझरतं, सगळं भिजतं." ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. "आणि पिल्लू रडलं तर एक थेंब नाही. तो घेतही नाही काकू. तोंड फिरवतो. जन्मला तेव्हा तीन किलो होता, काल अडीच भरला. पावडरचंही ओकतो. बालरोगवाले म्हणतात सगळं नॉर्मल आहे. आठवडाभरात वजन नाही वाढलं तर नळी घालणार म्हणे."

"कधीपासनं गो हे?" श्यामलाने विचारलं.

"झाले नऊ-दहा दिवस."

रघुपती मोजत नव्हता तरी मोजून झालं.

"बाळंतपण कुठं झालं तुझं?" त्याने विचारलं. त्याला ठाऊक होतं.

"तुमच्याच हॉस्पिटलात की. तिसऱ्या मजल्यावर. सिझर झालं ना. एक फॉर्मपण भरून घेतला, वार आणि ते सगळं दान करायचं म्हणून. सुशांत म्हणाला, दे, आपल्याला काय करायचंय ते घेऊन."

श्यामला सारात पळी फिरवत होती. पळी थांबली.

"बाळाला आण बघू खाली," रघुपती म्हणाला.

मुग्धाने आणलं. चिरंजीव हातभर कापडात गुंडाळलेले, चेहरा म्हाताऱ्यासारखा सुकलेला. महिन्याच्या पोराची नजर कुठे ठरते? पंख्यावर, दिव्यावर, भलतीकडे. ही नजर आली आणि रघुपतीच्या उजव्या डोळ्यावर ठरली. पंगतीला उशिरा पोचलेल्या माणसाला आपल्या पानावर दुसराच बसून जेवताना दिसला, की तो जसा नुसता उभा राहून बघतो, तसं ते बघत राहिलं. रडलं नाही. मग त्याने तोंड आईच्या मानेत लपवलं.

"आज दूध नको," रघुपती म्हणाला. "ने ते बोंडलं."

६

आता बघा, माणूस अक्कल कशी वापरतो. रघुपतीने स्वतःशी वाद घातला, आणि दोन्ही बाजू त्याच्याच असल्याने कुणी हरेना. पोर आजारी पडतं, त्यात नवल काय? बाळंतिणीला दूध कमी-जास्त होतं. माझ्या डोळ्याशी त्याचं काय? सरी. ठीक, मग दूध बंद करायला काय हरकत? काहीच नाही. सरी, सरी. पण बंद केल्यावर डोळा हा असा का फडफडतो?

फडफडतच होता. अकरा वाजले की डोळ्यात कळ उठे. सोनेरी उजेड पुन्हा तांबडा झाला, मग गडद झाला. वर मुग्धा चालो न चालो, आत हेलकावे बसू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी, यार्डात डबे धडकत असताना, त्या तांबड्या उजेडावरून काहीतरी सरकत गेलं. तंबूत कुणी कूस बदलली की कापडाला बाहेरून फुगवटा दिसतो, तसा एक फुगवटा. गोल. मग छोटा, टोकदार. रघुपतीला चार भाच्या-पुतण्या झाल्या होत्या, पोटुशी बायकांच्या पोटावर असले फुगवटे त्याने पाहिले होते. ती टाच होती.

बाळ तर वर होतं. त्याचं मांजराच्या पिलासारखं किरकिरणं आत्ताही जिन्यातून येत होतं.

मग ही टाच कुणाची?

रघुपती उठला, चपला घातल्या, आणि श्यामलाला म्हणाला, "चल दवाखान्यात."

बाईंनी बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "अण्णा, ह्या पापुद्र्याला मुळात रक्तवाहिन्या नसतात. ह्याला फुटल्यात. काय घालत होता? खरं सांगा."

श्यामलाने खरं सांगितलं. मग बाईंनी दोघांना कन्नडमध्ये झाडलं, आणि इंग्रजीत झाडलं, आणि घराण्याची आठवण येऊन शेवटी मराठीतही झाडलं.

"काढू शकते," त्या शांत झाल्यावर म्हणाल्या. "पण खाली बुबुळाला चिकटला असेल, तर पापुद्र्याबरोबर तेही फाटेल. डोळा जाईल. नाही काढला, तर टिकेलही असाच. अंधुक दिसेल, पण डोळा राहील. घाई नाही, तुम्ही ठरवा."

रघुपतीच्या डोळ्यांपुढे पाटावरचे मणी आले. सराफांची माणसं आली, दारातून परत जाणारी. अठ्ठावन्न वर्षं त्याने जगाची टिंगल केली होती ती ह्या एका डोळ्याच्या जिवावर. हे सगळं मनाचे खेळ असतील तर डोळा फुकट जाणार होता, आणि तोही हसण्यावारी. खेळ नसतील तर वरचं पोर पुढचा आठवडा बघणार नव्हतं.

"काढा," तो म्हणाला.

"अहो!" श्यामला म्हणाली.

"काढा बाई. आत्ता."

७

पापणीत सुई देऊन डोळा बधिर केला, पण माणूस जागा. वर मोठा दिवा. बाईंचा चिमटा जवळ आला तो तांबड्या उजेडात लोंबत्या खांबाच्या सावलीसारखा दिसला. कड धरली, थोडी उचलली. आत कुणीतरी एकदम स्तब्ध झालं. दार वाजल्यावर घरातला माणूस होतो तसं.

"हलू नका अण्णा."

"मी नाही हललो."

बाईंचा हात थांबला. नर्सबाईने त्यांच्याकडे पाहिलं. घड्याळाचा काटा दोन-तीनदा वाजला. मग बाईंनी ओठ घट्ट मिटून एका दमात ओढलं, आणि पांढरा, गार उजेड रघुपतीच्या डोक्यात धाडकन शिरला. त्याच्या घशातून आवाज निघाला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही, इतका बारीक होता.

बाईंनी पापुद्रा वाटीत ठेवला. वाटीत वाकून बघितलं.

"रिकामा आहे," त्या म्हणाल्या.

"रिकामाच असणार की," रघुपती म्हणाला. बाईंनी पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. बाईंनी बोटं धरली. दोन. तीन. पाच, आणि एका बोटात अंगठी. खालचं बुबुळ धड होतं, व्रण भरून आला होता. बाई एवढ्या हसल्या की तोरा विसरल्या.

बाहेर बाकावर मुग्धा बसली होती. पोराचं वजन करायला आली होती.

"काका!" ती ओरडली. "पितोय! काल संध्याकाळी एकाएकी लागला तो सोडतच नाही हो. रात्रीत चार वेळा! काकू, बघा तरी!"

श्यामला पदराने डोळे पुसत तिच्याशेजारी जाऊन बसली. टॉवेलखाली, मुग्धाच्या डाव्या हातावर, चिरंजीव मुठी वळून घटाघटा पीत होते. रघुपतीला हसू आलं. पोर वाचलं होतं, डोळा वाचला होता. एवढं एका माणसाला एका आठवड्यात मिळत नसतं.

मग त्याने पाहिलं की मुग्धाचा उजवा हातही वाकवलेलाच आहे. कोपरात दुमडलेला, तळवा खाली आधाराला धरलेला, रिकामा. ती दोन्ही हात सारखेच झुलवत होती. टॉवेलची ती बाजूही ओली होती. आणि टॉवेल आतून मधूनमधून ओढला जात होता, थोडासा, ठेक्यात.

हे डाव्या, अधू डोळ्याला दिसलं ते.

उजव्याला आधी ओले केस दिसले. मग तिच्या त्या रिकाम्या हाताच्या घडीत बसणारं एक बारीक डोकं दूध सोडून, सावकाश, त्याच्याकडे वळू लागलं.

रघुपतीने उजवा डोळा मिटला.

"बघा ना काका," मुग्धा हातांत झुलवत म्हणाली, "कसा दिसतो आमचा?"

"गुटगुटीत," डाव्या डोळ्याने बघत रघुपती म्हणाला.

"अहो, डोळा का मिटला?" श्यामलाने विचारलं. "आता दिसतं म्हणाल्या ना बाई?"

"दिसतं की," रघुपती म्हणाला. मग भिंतीला हात लावत लावत तो मागे फिरला, डॉक्टरीणबाईंचं दार उघडलं, आणि दारातूनच म्हणाला, "बाई, ती पट्टी परत बांधा. घट्ट बांधा."